महाडची न दिसणारी तटबंदी : दासगाव बंदर ते चवदार तळे



किल्ल्यांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. महाडच्या माणसाला इतिहास म्हटला की आधी रायगड आठवतो, पोलादपूरच्या माणसाला प्रतापगड आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. ते साहजिकच आहे. आज मात्र आम्ही बंदराबद्दल बोलणार आहोत. प्रश्न तसा साधा आहे. माणूस बोटीतून एखाद्या जुन्या गावाच्या धक्क्यावर उतरला आणि त्याच्या हातात एकच दिवस असला, तर त्या गावात त्याला काय काय करता येतं?

हल्ली आपल्या ओळखीतलीही काही मंडळी भूमध्य समुद्रातल्या क्रूझला जाऊन येतात. जहाज सकाळी एखाद्या बंदरात लागतं, संध्याकाळी निघतं, मधल्या वेळात गाव बघायचं. अशा गावांमधलं एक फार नावाजलेलं गाव म्हणजे क्रोएशियातलं दुब्रोवनिक. समुद्रालगत जवळजवळ दोन किलोमीटर लांबीचा दगडी तट, त्याला दरवाजे, आत जुनं शहर. पिले नावाच्या दरवाज्यातून आत शिरलं की लगेच समोर एक मोठं गोल कारंजं दिसतं. ओनोफ्रियो नावाच्या इटालियन कारागिराने १४३८ च्या सुमाराला लांबून डोंगरातलं पाणी नळाने शहरात आणलं, त्याची ही खूण. आजही तिथे जहाजातून आलेला कुठल्याही देशाचा माणूस बाटली पुढे धरतो, भरतो आणि पुढे जातो. दोन मिनिटांचं काम. कुणी विचारत नाही, तू कोण, कुठला.

पण हे नेहमी असं नव्हतं. याच दुब्रोवनिकने १३७७ मध्ये कायदा केला, की साथीच्या प्रदेशातून आलेल्या माणसाने आधी तीस दिवस बाहेरच्या बेटांवर राहायचं, मग आत यायचं. विलगीकरणाचा असा लेखी कायदा जगात पहिल्यांदा तिथे झाला असं मानतात. आणि त्याच शहरात ज्यू लोकांसाठी पाण्याचं कारंजं वेगळं होतं. म्हणजे धक्का, दरवाजा आणि पाणी, या तीन ठिकाणी गाव माणसाची पारख करत असे. धक्क्यावर बोट लागू द्यायची का, दरवाज्यातून आत घ्यायचं का, आणि आत आल्यावर पाणी पिऊ द्यायचं का.

आज याच तीन ठिकाणांवरून आपण महाडकडे बघू या.

आधी धक्का. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, महाडजवळ तिला गांधारी मिळते, दासगावला काळ नदी मिळते, आणि पुढे एका बाजूला हरिहरेश्वर, दुसऱ्या बाजूला बाणकोट ठेवून ती समुद्राला जाते. नदी म्हणायचं की खाडी, हे भरती-ओहोटीवर ठरतं. भरतीचं पाणी महाडपर्यंत चढायचं आणि त्या पाण्याबरोबर लहान गलबतं, होड्या गावापर्यंत यायच्या. मोठ्या बोटी दासगावलाच थांबायच्या. नकाशात बघितलं तर महाड समुद्रापासून चांगलंच आत आहे, पण त्याची गणना बंदरांत व्हायची ती या खाडीमुळे.

आता याच्या पाठीमागे बघा. महाडहून वरंधा घाट चढला की भोर आणि पुढे पुणे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड, महाबळेश्वर आणि पुढे वाई-सातारा. पोलादपूरहूनच दक्षिणेला कशेडी ओलांडला की खेड आणि रत्नागिरीचा मुलूख. म्हणजे घाटावरून उतरलेली वाट जिथे खाडीच्या पाण्याला भेटते, तिथे महाड आहे. खालून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, वरून गूळ-मिरचीसारखा माल खाली यायचा, आणि बैल-हमाल-तांडेल सगळ्यांची गाठ महाडच्या बाजारात पडायची. पोलादपूर हे त्या वाटेवरचं विसाव्याचं ठिकाण. आज ते स्वतंत्र तालुक्याचं गाव आहे, पण जुन्या कुलाबा जिल्ह्यात ते महाड तालुक्यातच होतं. कुलाब्याचं रायगड झालं ते १९८१ मध्ये.

हे सगळं किती जुनं आहे? महाडमधून बाहेर पडलं की हमरस्त्यालगत गांधारपाले लेणी लागतात. बौद्ध लेणी आहेत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली. तिथल्या एका शिलालेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराने दिलेल्या दानाची नोंद आहे. काय दिलं? लेणं दिलं, चैत्यगृह दिलं, राहायला खोल्या दिल्या. त्याच्या जोडीला लेण्याच्या दोन बाजूंना पाण्याची टाकी आणि लेण्यापर्यंत येणारी वाट दिली. मंडळी, हे लक्षात ठेवा. या परिसरात पहिल्यांदा जी माणसं दगडावर काही लिहून गेली, त्यांना सांगावीशी वाटलेली गोष्ट म्हणजे पाणी आणि वाट. या दोन गोष्टी दुसऱ्यासाठी केल्या तर पुण्य लागतं, एवढं त्या काळी लोकांना पटलेलं होतं.

आता दरवाजा. महाडला दुब्रोवनिकसारखा तट नाही. रायगड पंचवीसेक किलोमीटरवर असताना गावाला वेगळा तट बांधायची गरज कुणाला वाटणार? शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ मध्ये रायगडावर झाला. राजधानी वर आणि तिच्या पायथ्याशी खाडीचं बंदर, अशी ही रचना होती. महाडचं गाव मात्र उघडंच राहिलं. नदीच्या काठावरून कुणीही वर यावं, बाजारात शिरावं.

आणि लोक आलेही. १७९६ मध्ये पुण्यातल्या गादीच्या भांडणात नाना फडणवीस महाडला येऊन राहिले आणि इथूनच त्यांनी आपले डाव टाकले. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशव्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा दुसरा बाजीराव घाट उतरून महाडला आला. पुढे समुद्रमार्गाने तो वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला. सांगायचा मुद्दा असा, की पळून आलेल्या पेशव्याला या गावाने आत घेतलं आणि याच खाडीच्या मुलखातून त्याची पुढची वाट निघाली. उघडं गाव म्हणतात ते असं.

पण मग हे गाव खरंच सगळ्यांना उघडं होतं का?

इथे आपण तिसऱ्या ठिकाणी येतो, पाण्यापाशी. महाडच्या मध्यभागी चवदार तळं आहे. नावातच चव आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या तळ्याचं वर्णन आहे ते असं : चार ते पाच एकराचं तळं, चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, आणि त्या रस्त्यांपलीकडे स्पृश्य हिंदूंची आणि काही मुसलमानांची घरं. हे वर्णन न्यायाधीशांनी जमिनीच्या मालकीचा प्रश्न सोडवायला केलेलं आहे. आम्हाला मात्र ते वाचताना तटबंदीचं वर्णन वाचल्यासारखं वाटतं. गावाला दगडी तट नव्हता, पण पाण्याला घरांचा तट होता. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांनी बाजारात यावं, ओझी वाहावीत, सरकारी कचेरीत खेटे घालावेत. पण तहान लागली तर तळ्यावर जायचं नाही. मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरू शकत. जनावरांना मनाई नव्हती. महार, चांभार माणसाला होती.

बाजाराच्या दिवशी पोलादपूरच्या बाजूच्या डोंगरातल्या वाडीतून मैलोन्‌मैल चालत आलेला माणूस डोळ्यासमोर आणा. उन्हाचे दिवस. समोर चार एकर पाणी. दुब्रोवनिकने परक्या माणसाला तीस दिवस बाहेर ठेवलं, आणि तेही रोगाच्या भीतीने. महाडने आपल्याच तालुक्यातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं, आणि कारण फक्त त्याचा जन्म.

आता कुणी विचारेल, हा तट फुटला कसा? त्याचं उत्तर आपल्याला परत खाडीपाशीच घेऊन जातं, म्हणून आपण जरा मागे जाऊ.

१७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे राहिलं. त्यांनी तिथल्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. कोकणात मुंबईखाली त्यांना मिळालेलं हे एक जुनं ठाणं. त्यामुळे या खाडीकाठच्या गावांमधून मुंबईच्या इंग्रजी फौजेत भरती फार आधी सुरू झाली आणि त्या भरतीत महारांची संख्या मोठी होती. पलटणीत गेलेला माणूस लिहायला-वाचायला शिकला, पगार मिळवू लागला, निवृत्त होऊन पेन्शन घेऊन गावाकडे आला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. १८८६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, दापोलीला राहिले, जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारावले, आणि अस्पृश्यता कुठल्या आधारावर पाळता असे थेट प्रश्न विचारणारी पुस्तिका त्यांनी १८८८ मध्ये लिहिली. पुढे सरकारने त्यांना महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमलं, तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांनी केवढा गोंधळ घातला! आपल्या शेजारी हा माणूस बसणार, हेच त्यांना सोसवलं नाही.

याच काळात इंग्रजांनी महारांची फौजेतली भरती बंद केली. तेव्हा हीच खाडी लोकांना मुंबईच्या गिरण्यांकडे, गोदीकडे घेऊन गेली. आणि मुंबईला गेलेली माणसं सणावाराला बोटीने परत यायची, तेव्हा बरोबर वर्तमानपत्रं यायची, सभांच्या बातम्या यायच्या, बाबासाहेबांचं नाव यायचं. दासगावच्या धक्क्यावर हे सगळं उतरत होतं. त्याच दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे. महाडच्या शाळेत प्रवेश मिळवण्यासाठीही त्यांना लहानपणी झगडावं लागलं होतं. वयाच्या पंचविशीच्या आत या तरुणाने ठरवलं, की परिषद भरवायची, ती महाडात भरवायची आणि डॉ. आंबेडकरांना तिथे आणायचं.

कायद्याचं दार तोवर किलकिलं झालेलं होतं. १९२३ च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना सगळे सुरबानाना म्हणत, ते तेव्हा नगरपालिकेतले पुढारी. ठराव झाला, कागदावर सही-शिक्का झाला. पण तीन वर्षं एकही माणूस तळ्यावर जाऊ शकला नाही. तट कागदाने पडत नसतो.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. अडीच-तीन हजार माणसं आली. परिषदेच्या मांडवात प्यायला पाणी हवं, आणि ते चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. तळं समोर, ठराव नगरपालिकेच्या दप्तरात, आणि पाणी विकत! हा एक तपशील सगळी परिस्थिती सांगतो. दुसऱ्या दिवशी परिषद संपताना सगळे रांगेने निघाले, बाजारातून शांतपणे तळ्यावर गेले, आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं. मग सगळ्यांनी घेतलं. एवढंच झालं. कुणाला धक्का लागला नाही, काही मोडलं नाही.

पण दोनेक तासांत गावात आवई उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मग काठ्या निघाल्या. मांडवात जेवणाऱ्यांवर, परतीच्या वाटेला लागलेल्यांवर, एकट्या-दुकट्यावर हल्ले झाले. काही जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. परिषदेला आलेल्यांत फौजेतून निवृत्त झालेली, हात चालवू शकणारी माणसं होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. नंतर गावाने तळं 'शुद्ध' करून घेतलं : शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या, मंत्र म्हटले. आणि ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव मागे घेतला. ज्या गावाला कधी तट नव्हता, त्या गावाने तो आता रीतसर ठराव करून बांधला.

तेव्हा बाबासाहेबांनी जाहीर केलं, की डिसेंबरात परत येऊ आणि या वेळी सत्याग्रह करू. २५ डिसेंबर ही तारीख ठरली. आता आपण त्या बोटीकडे येतो, जिच्यासाठी हे सगळं सांगितलं.

मुंबईहून महाडला यायचे तेव्हा दोन मार्ग होते. एक जवळचा : बोटीने धरमतर, आणि तिथून मोटारीने रस्त्याने महाड. दुसरा लांबचा : बोटीने समुद्रातून खाली बाणकोटच्या खाडीच्या तोंडाशी, आणि खाडीतून वर दासगाव. बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची मंडळी २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने निघाली ती या लांबच्या मार्गाने. का? कारण जवळच्या मार्गात मोटार लागते आणि मोटारवाले बहिष्कार घालू शकतात. धरमतरला गाडी नाकारली तर महाड फार लांब. दासगावला मात्र कुणीही काहीही नाकारलं तरी महाड पाच मैल. पाय आहेत, चालू.

आम्हाला वाटतं, महाडच्या इतिहासातला हा निर्णय जितका सांगितला जायला हवा तितका सांगितला जात नाही. पाणी पिण्याचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. मनुस्मृती जाळल्याचं आपण वाचतो. पण त्याआधी कुणीतरी नकाशा समोर ठेवून विचार केला, की शत्रू आपल्याला कुठे अडवू शकतो आणि कुठे नाही. समुद्राला जात नाही, भरतीला जात नाही, पाच मैलांच्या पायवाटेला जात नाही. जिथे जिथे माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागतं, ती ती जागा टाळली. मुरलेल्या सेनापतीने लष्कराची वाट आखावी, तशी ही वाट आखलेली होती. आणि ती दासगाववरून जात होती, जिथे धक्क्यावर आपली माणसं उभी होती.

२५ तारखेला दुपारी बोट दासगावला लागली. तीन हजारांवर माणसं वाट बघत होती. धक्क्यावरच जिल्हा पोलीस अधीक्षक फॅरंट आले, कलेक्टर हूड यांनी ताबडतोब भेटायला बोलावलंय असं पत्र घेऊन. बाबासाहेब सहस्रबुद्ध्यांना घेऊन पोलिसांच्या मोटारीने पुढे गेले आणि बाकीचा समुदाय घोषणा देत पायी महाडकडे निघाला. महाडात सभेला जागा द्यायला कुणी हिंदू तयार नव्हता. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तिथे मांडव पडला.

त्या दिवशी बाबासाहेबांनी जे भाषण केलं, त्यात त्यांनी महाडच्या मांडवाची तुलना केली ती १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी. कल्पना करा, खाडीकाठचं गाव, शेतकरी, गिरणी कामगार, पेन्शनर सुभेदार यांचा समुदाय, आणि त्यांना सांगितलं जातंय, की तुम्ही जे करताय ते फ्रान्समध्ये झालं त्याच जातीचं काम आहे. त्यांनी असंही सांगितलं, की या तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर आपण मरू अशातला भाग नाही. आजवर ते प्यायलो नव्हतो तरी जगलोच. इतरांसारखीच आपणही माणसं आहोत, एवढं ठरवायला आपण तळ्यावर जायचं. रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावाप्रमाणे मनुस्मृतीचं दहन झालं. सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, टिपणीस आणि अनंतराव चित्रे कायस्थ. हे मुद्दाम सांगतो, कारण घरांच्या त्या तटाच्या आतूनही काही हात बाहेर आले होते.

आणि पाणी? इथेच गंमत आहे. गंमत म्हणजे हसण्यासारखी नव्हे. विरोधकांनी १२ डिसेंबरलाच महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला होता, की तळं खासगी आहे, आणि १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी तुरुंगात जायची तयारी दाखवून नावं नोंदवली. दोन दिवस चर्चा झाली. शेवटी निर्णय झाला, की सरकारशी आपलं भांडण नाही, कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही, सत्याग्रह तहकूब. सगळे मिरवणुकीने तळ्याभोवती फिरले आणि पाण्याला न शिवता परत आले.

इतका लांबचा वळसा, इतकी तयारी, एवढी माणसं, आणि पाणी न पिता परत. त्या वेळी अनेकांना ते कडू लागलं असणार. पण याचा अर्थ नीट समजून घेऊ या. मार्चमध्ये त्यांनी पाणी पिऊन दाखवलं होतं. डिसेंबरमध्ये त्यांनी ते न पिता दाखवून दिलं, की कायदा आम्ही पाळतो. मोडतोय कोण ते आता कोर्टाने सांगावं. काठ्या घेऊन आलेल्यांना कोर्टात रूढी सिद्ध करायला लावणं, हा त्यातला डाव.

तो खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने. १९३३ मध्ये ठाण्याच्या अपिलातही तोच कायम राहिला. वादी उच्च न्यायालयात गेले. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेचं आहे, खासगी नाही. आणि अस्पृश्यांना वगळायची रूढी अनादि काळापासून चालत आलीय हे वादींना सिद्ध करता आलं नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर, 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे' या वाक्याला कोर्टाने विचारलं, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? आणि उत्तर आलं नाही.

ओंजळभर पाण्यापासून त्या ओंजळीच्या हक्कापर्यंत दहा वर्षं. दुब्रोवनिकला जहाजातून उतरलेला पाहुणा जे दोन मिनिटांत करतो, त्याला आपल्या तालुक्यातल्या माणसाला एवढा काळ लागला. यात लाज वाटण्यासारखंही आहे आणि अभिमान वाटण्यासारखंही. दोन्ही बरोबरच सांगायला हवं. नुसता अभिमान सांगितला तर काठ्या कुणाच्या होत्या ते विसरलं जातं, आणि नुसती लाज सांगितली तर धक्क्यावर उभी असलेली ती तीन हजार माणसं विसरली जातात.

आता शेवटाकडे येतो. आज दासगावला मुंबईची बोट लागत नाही. खाडीत गाळ साचला, रस्ते झाले, कोकण रेल्वे आली, वीर स्टेशन झालं. महाडजवळ सावित्रीवर १९२८ मध्ये झालेला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी गावात घुसलं तेव्हाही ही नदी नव्हे खाडी आहे, याची सगळ्यांना आठवण झाली. पाण्याच्या वाटेकडे पाठ फिरवली की पाणी स्वतःच ती वाट दाखवायला येतं.

दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला चवदार तळ्यावर आणि क्रांतिस्तंभापाशी दूरदूरहून लोक येतात. बहुतेक जण महामार्गाने येतात, तळ्यावर पाणी घेतात, स्मारक बघतात, परत जातात. आमची त्यांना आणि तुम्हालाही एक विनंती आहे. एक दिवस असाच हातात असेल तर सुरुवात दासगावच्या खाडीकाठी करा. तिथून महाडपर्यंतचे पाच मैल, निदान काही अंतर तरी, पायी चाला. वाटेत गांधारपाल्याची लेणी लागतात, तिथे वर चढून ती पाण्याची टाकी बघा, जी कुणीतरी दुसऱ्याच्या तहानेसाठी दगडात खोदवली होती. मग गावात शिरा आणि तळ्याच्या भोवती एक पूर्ण फेरी मारा, जशी त्या लोकांनी पाण्याला न शिवता मारली होती. फेरी मारताना भोवतालच्या घरांकडे बघा. आणि मग पाणी घ्या.

भूमध्य समुद्रातल्या गावांचे तट आता तिकीट काढून बघायला मिळतात, कारण त्यांचं काम संपलंय. आपले तट दगडाचे नव्हते, त्यामुळे ते पडले की नाही हे नुसतं बघून कळत नाही. ते तपासायचं असेल तर आपल्या वाडीतल्या विहिरीवर, आपल्या घरातल्या माठापाशी, बाहेरून आलेल्या माणसाला आपण कुठल्या भांड्यातून पाणी देतो तिथे बघावं लागतं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीपासून मुंबईतल्या इमारतीपर्यंत ही परीक्षा सगळीकडे घेता येते, आणि ती ज्याची त्याने घ्यायची आहे.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.